हनुवटी टेकून लावलेल्या पेट्या

"आप्पा, हनुवटी परत एकदा टेका. मघाशी चेहऱ्यावर उजेड नव्हता," असं हे म्हणाले, आणि माझ्या सासऱ्यांनी निमूटपणे पेटीच्या फळीवर हनुवटी टेकली. मी स्टुलावर उभी राहून मोबाइल धरला होता. हात अवघडून गेला होता, खाली गॅसवर डाळ ठेवलेली, आणि ह्यांचं आपलं चाललेलंच. जरा डावीकडे, जरा खाली, डोळे मिटलेले बरे दिसतात. आप्पांनी डोळे मिटले. एका हातानं भाता मारला, दुसऱ्या हातानं पट्टी दाबली, आणि सा घुमला. तेव्हा कुठं ह्यांचं समाधान झालं आणि मी डाळीकडे पळाले.

आमचं कराडात पेट्यांचं काम. लोक हार्मोनियम म्हणतात, आम्ही पेटीच म्हणतो. खाली घर आणि वर माडीवर कारखाना, म्हणजे एक लांबट खोली, दोन खिडक्या आणि सगळीकडे सागाचा भुस्सा. आप्पा, सदाशिव सुतार, चाळीसेक वर्षं त्याच खोलीत बसलेले. आसपासच्या गावांत भजनी मंडळ म्हटलं की पेटी आप्पांची, हे ठरलेलंच होतं. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना सूरच म्हणतात. जीभ टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. ते घासणं म्हणजेच सगळी विद्या, बाकीचं सुतारकाम, असं आप्पा म्हणायचे. माझ्या माहेरी वडील कीर्तनकार, त्यामुळं कान बरा होता. लग्नानंतर आप्पांनी मला शेजारी बसवून ते काम शिकवलं. सुनेला माडीवर बसवता म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण आप्पांनी कुणाला भीक घातली नाही.

पुढं बाहेरच्या तयार पेट्या यायला लागल्या आणि आमच्या माडीवर माश्या मारायची वेळ आली. तेवढ्यात ह्यांची पुण्यातली नोकरी गेली. हे परत आले ते एक लॅपटॉप आणि डोक्यात किडे घेऊन. आधी वेबसाईट काढली. ती इतकी नटवली की माझ्या भावाच्या लग्नातही एवढे दिवे नव्हते, पण तिकडं फिरकायला कुत्रंसुद्धा तयार नव्हतं. मग कुठंतरी वाचून ह्यांनी ठरवलं की व्हिडिओ करायचे. साधे, मिनिटभराचे. बोलायचं नाही, पाठीमागं संगीत नाही, फक्त आप्पांचे हात आणि आवाज. आधी बेसूर सा, मग कानस, मग सुरातला सा, आणि शेवटी पुठ्ठ्यावर लिहिलेला वेबसाईटचा पत्ता. लोकांना व्हिडिओ आवडला की ते आपसूक पत्त्यावर येतात, असं त्यांचं गणित. सजवलेलं दिसलं की लोकांना दुकानदारी वाटते, साधं दिसलं की खरं वाटतं, असंही ते सांगायचे. मला हसू यायचं, पण गणित चुकलं नाही हे मान्य करायलाच हवं.

पहिले व्हिडिओ कुणी फारसे बघितले नाहीत. मग एकदा आप्पा काम करताना वाकले आणि त्यांनी पेटीवर हनुवटी टेकली. तशी ती ते अलीकडं टेकायचेच. मी ते तसंच घेतलं आणि ह्यांनी तसंच टाकून दिलं. काय झालं देव जाणे, लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. कुणी लिहिलं, हे पेटीशी बोलतात. कुणी लिहिलं, ही समाधी आहे, आजकालच्या पोरांना काय कळणार. बंगळूरहून, नागपूरहून, परदेशातूनसुद्धा लोक वेबसाईटवर यायला लागले आणि पेट्यांची मागणी सुरू झाली. हनुवटी टेकलेल्या आप्पांचा फोटो ह्यांनी वेबसाईटच्या दारातच लावला. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा रया आली होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं होतं.

काम इतकं वाढलं की आप्पांच्या शेजारी बसायला मला सवड होईना. मी खाली स्वयंपाक आणि फोन बघायची, हे पेट्या खोक्यात भरायचे, आणि सूर लावायचं सगळं आप्पा एकटेच करायचे. पूर्वी ते शेवटचा हात फिरवून झाला की मला हाक मारायचे, ऐक म्हणायचे. ती हाक बंद झाली होती. मला वाटलं, घाई आहे.

श्रावणातल्या एका दुपारी एक बाई आल्या. खाडे बाई असं नाव सांगितलं. साताऱ्याकडं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या, निवृत्तीला आलेल्या होत्या. सुती पातळ, खांद्याला पिशवी, बोलणं अगदी हळू. मला वाटलं शाळेला पेटी हवी असेल. मी त्यांना माडीवर नेलं. आप्पा दाराकडे पाठ करून काम करत होते आणि हे खोक्याला दोरी बांधत होते. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आप्पा, जरा पाणी मिळेल का?"

आप्पा हलले नाहीत. हे हसून म्हणाले की कामात असले की त्यांना हाक ऐकू जात नाही, आमची आई जन्मभर ह्यावरूनच ओरडायची. ते खरंच होतं. आमच्या घरातला तो जुना विनोद होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आप्पांच्या पाठीमागं हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या आणि जोरात टाळी वाजवली. मी दचकले. ह्यांच्या हातातली दोरी सुटली. आप्पा शांतपणे पितळेवर कानस फिरवत होते.

बाई आमच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्या शाळेतली मुलं असंच करतात," त्या म्हणाल्या. "ढोलावर, टेबलावर, मिळेल त्यावर हनुवटी टेकतात. हाडातून कळतं त्यांना. ह्यांचा व्हिडिओ बघितला आणि मला राहवलं नाही. सगळं जग वाहवा करतंय आणि घरात कुणाला माहीत नाही, असं तर नाही ना?"

तसंच होतं. एकेक गोष्ट आठवायला लागली. आप्पा बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघूनच उत्तर द्यायचे. फोन माझ्या हातात द्यायचे. आईंच्या मागं माणूस अबोल झालाय असं आम्ही धरून चाललो होतो. बाई आप्पांच्या समोर जाऊन बसल्या आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलल्या. आप्पांनी ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि लहान मुलानं चोरी कबूल करावी तशी मान हलवली. दोनेक वर्षं झाली म्हणाले. आधी वरचं गेलं, मग हळूहळू सगळंच.

"पन लाकडातनं समदं कळतंय की," ते बाईंना म्हणाले. "पयल्यासारखंच कळतंय. कान बंद झालं, पेटी बंद झाली न्हाई."

बाईंनी त्यावर एवढंच सांगितलं की खालचे सूर हाडातून चांगले कळतात, पण फार वरचे पोचत नाहीत. आप्पांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोटानं भरलेल्या खोक्याकडं खूण केली.

मी खोकं उघडलं. ती पेटी नागपूरला जायची होती. खालचं सप्तक वाजवलं, काय सांगू, असा गोडवा की अंगावर काटा यावा. मधलं सप्तकही तसंच. मग मी वर गेले. वरच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. एकेका पट्टीला दोन-दोन सूर असतात, ते एकमेकांत मिसळायला हवेत. इथं ते एकमेकांशी भांडत होते. कुठं चढलेले, कुठं उतरलेले, जितकं वर जावं तितकं वाईट. व्हिडिओत आम्ही नेहमी मधला साच दाखवायचो, त्यामुळं कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. मी वाजवायची थांबले. आप्पा माझ्या बोटांकडं बघत नव्हते, तोंडाकडं बघत होते.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. ते कळावं म्हणून मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगावं लागलं, आणि ते फार क्रूर वाटलं. वाईट बातमी लोक घाईनं सांगून मोकळे होतात, मला तेवढीही सोय नव्हती. आप्पांनी कानस खाली ठेवली. बाईंना त्यांनी हात जोडले. बाई गेल्या.

मग आप्पा म्हणाले की व्हिडिओ सुरू झाल्यापासून गेलेल्या सगळ्या पेट्या परत मागवायच्या. सुलूनं, म्हणजे मी, त्या लावायच्या आणि आपल्या खर्चानं परत धाडायच्या. हे उसळलेच. गिऱ्हाइकाला आपल्या तोंडानं सांगायचं की आम्ही बेसूर माल दिला? धंदा आत्ता कुठं उभा राहतोय, उद्या पत्त्यावर कोण येईल? आणि तक्रार कुणाची आहे? एकाचीही नाही. ह्यांचं बोलणं आप्पांनी शेवटपर्यंत बघितलं.

"तक्रार न्हाई म्हंजे सूर बरुबर हाय असं न्हवं," ते म्हणाले. "माझ्या नावाची पेटी कुठंतरी बेसूर वाजतीय, प्रमोद. मला घास कसा उतरंल?"

मी आप्पांच्या बाजूनं बोलले. नवऱ्याविरुद्ध मी सासऱ्यांसमोर बोलायची ती पहिलीच वेळ. शेवटी आप्पांनीच तोड काढली. लोक व्हिडिओ बघूनच आले, तर व्हिडिओतूनच त्यांना सांगू. ह्यांनी थोडा विचार केला आणि पटकन हो म्हणाले. इतक्या पटकन की मला खरंतर तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि टोपी नीट केली. मी मोबाइल धरला. आप्पा व्हिडिओत पहिल्यांदाच बोलत होते. मला ऐकू येत नाही, म्हणाले. हनुवटीनं पेटी लावत आलो, मला वाटलं होतं तेवढं पुरतंय. मग जरा थांबले आणि म्हणाले की पुरलं नाही. वरचे सूर चुकले आहेत. व्हिडिओ सुरू झाल्यापासून ज्यांनी ज्यांनी माझी पेटी नेली त्यांनी ती परत पाठवा, माझी सून लावून देईल, तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. नागपूर, बंगळूर, वाळवा, पाटण, एकेका गावाचं नाव त्यांनी घेतलं. आणि शेवटी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तसेच बसून राहिले.

तो व्हिडिओ आधीच्या सगळ्यांच्या पुढं गेला. आमच्या वेबसाईटवर वर्षभरात आले नसतील इतके लोक त्या आठवड्यात आले. वर्तमानपत्रवाले येऊन गेले. ह्यांचा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. आप्पांनी माडीवरची एक भिंत मोकळी करून घेतली. परत येणाऱ्या पेट्या जमिनीवर नकोत म्हणून स्वतः फळ्या ठोकल्या, त्यावर जुनी सतरंजी कापून घातली. कुरिअरवाला बोळात शिरला की ते खिडकीशी यायचे. तो यायचा तो नव्या पेट्यांसाठी मागवलेले पितळेचे सूर घेऊन. पेटी काही यायची नाही. लोकांना वेळ लागतो, असं आप्पा मलाच समजवायचे. मी व्हिडिओ टाकल्यावर उघडूनसुद्धा बघितला नव्हता. ते हात जोडणं पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती.

गौरी-गणपतीच्या आधी पाटणकडचं एक जोडपं आप्पांचं दर्शन घ्यायला म्हणून आलं. दर्शन, अगदी हाच शब्द. त्यांच्याकडंही आमचीच पेटी होती. बाईनं आप्पांच्या पायाला हात लावला आणि मोबाइल काढून, हा व्हिडिओ बघून आम्ही किती रडलो, असं सांगत त्यांच्यासमोर धरला. आप्पांनी तो पहिल्यांदाच बघितला. आवाज त्यांना येणार नव्हता, ते स्वतःच्या ओठांकडं टक लावून बघत होते. व्हिडिओ संपला. आप्पांनी बाईला खूण केली, परत लाव. तिनं लावला. तो संपल्यावर त्यांनी स्वतः बोटानं पडदा घासून बघितला, खाली काही राहिलंय का.

मग त्यांनी ह्यांच्याकडं मान वळवली.

"मी हात जोडलं हुतं," आप्पा म्हणाले. "ते कुटं हाय?"

मी बाईच्या हातातून मोबाइल घेऊन बघितला. मला ऐकू येत नाही, हनुवटीनं पेटी लावत आलो, आणि तिथंच कापलं होतं. पुढं वेबसाईटचा पत्ता. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याला आपलं बोलणं कुठं तोडलं हे कळणार नाही, असा ह्यांचा हिशोब. मला त्या क्षणी ह्यांची किळस आली. आजही, इतक्या वर्षांनी, संसार सगळा नीट चाललेला असताना, कधी जेवायला वाढताना तो क्षण आठवतो आणि माझा हात थांबतो.

हे नंतर रडले. घरासाठी केलं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. राहिलेला भागही त्यांनी त्याच संध्याकाळी टाकला. पण कापलेला व्हिडिओ बघून लोक आधीच गहिवरून मोकळे झाले होते, हा दुसरा कुणी धड बघितला नाही. बघितला त्यांनी लिहिलं, केवढं हे मोठेपण. पेटीचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हा आप्पांनी मला फोन करायला बसवलं. पाटणचं जोडपं आलं होतं तेव्हाच त्यांना मी तोंडावर विचारलं होतं, तर नवरा म्हणाला, छे हो, ती पेटी आता आम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय. वाळव्याच्या मंडळानं सांगितलं की आप्पांनी हनुवटी टेकलेली पेटी आहे, तिला कानस लावू देणार नाही. बंगळूरच्या माणसानं पैसे वाढवून आणखी एक मागितली, तशीच, आप्पांनीच लावलेली. मी समजावून सांगत होते, वरचे सूर चुकलेत हो, गाणाऱ्याला त्रास होईल. लोक म्हणायचे, आम्हाला तर काही कळत नाही, आम्हाला चांगलीच वाटते. आप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. माझं बोलणं त्यांना दिसत होतं, समोरच्याचं नाही. ते मला सांगावं लागायचं, आणि दर वेळी मी नाही म्हणून मान हलवायची.

नागपूरचा फोन सगळ्यात शेवटी केला. जी पेटी मी उघडून बघितली होती ती दुरुस्त करूनच पाठवली होती, पण ती मागवणाऱ्या बाईंनी आधी एक नेलेली होती. म्हातारा आवाज, फार मायेनं बोलत होत्या. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, थांब, ऐकवते. त्यांनी फोन खाली ठेवला असावा. भाता मारल्याचा आवाज आला आणि त्यांनी भजन धरलं. अंतऱ्याला पेटी वर गेली. मी फोन कानाला घट्ट धरून बसले. इतक्या लांबून, फोनच्या त्या पत्र्यासारख्या आवाजातूनही ते भांडण मला स्पष्ट ऐकू येत होतं, आणि त्या बाई त्याच्यावर डोळे मिटून गात असणार हेही मला दिसत होतं.

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कशी वाजतीय?"

"वरचं सप्तक गेलंय, आप्पा."

"लई?"

मी अंगठा आणि बोट धरून दाखवलं, किती ते. खोटं दाखवायचं मनात आलं होतं, पण त्यांनीच मला हे काम शिकवलं होतं, त्यांच्यासमोर सुराचं खोटं माझ्यानं बोलवलं नाही. आप्पांनी त्या दोन बोटांतल्या फटीकडं बघितलं. तिकडं भजन संपलं आणि बाई फोनवर आल्या. त्या बोलत राहिल्या, मी हूं हूं करत राहिले, आणि मग फोन ठेवला.

"काय म्हनल्या?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"म्हणाल्या, फार गोड वाजते."

आप्पा उठले. अंगावरचा भुस्सा झटकला, टोपी घातली आणि जिना उतरून खाली गेले. त्यानंतर तीन पावसाळे ते जगले, पण माडीवर परत आले नाहीत.